कुणावर वाचायचं?

काशिफने पाच पेल्यांत चहा ओतला आणि एक थेंबही बाहेर सांडला नाही.

खैरुन्निसा लेकाच्या हातांकडेच बघत होती. मे महिन्यात याच हातांना शर्टाचं बटण लागत नव्हतं. पंचवीस वर्षांच्या मुलाची बटणं तिने लावून दिली होती, आणि तो लहान मुलासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. आता तो कमरेत वाकून काचेचे छोटे पेले एकेकाच्या पुढे ठेवत होता. गालांची हाडं झाकली गेली होती. कानामागे मांस दिसत होतं. आईला असल्या जागा बरोबर दिसतात.

"अम्मी, साखर एक की दोन?"

"एकच."

आवाज फुटेल म्हणून तिने पेला लगेच ओठांना लावला. जीभ पोळली.

जुम्म्याची नमाज आटोपून सगळं परकार कुटुंब कुवेतमधल्या दस्मानच्या या घरात आलं होतं. तळमजल्यावर लांबलचक बैठक, तिन्ही भिंतींना टेकून गाद्या, चौथ्या बाजूला काचा आणि काचांपलीकडे रस्ता ओलांडून समुद्र. घर बू जासिमचं. नशेतून बाहेर पडू पाहणारी आठ-दहा माणसं त्याच्याकडे राहत. सकाळी डॉक्टर येऊन गोळ्या बघून जाई, मग दिवसभर नमाज, कुराण, समुद्रकाठचं चालणं आणि घरकाम. चाळीस दिवस घरच्यांनी भेटायचं नाही, असा बू जासिमचा नियम होता. आज एकेचाळिसावा.

"मी आतून खजूर आणतो," काशिफ म्हणाला आणि गेला.

तो आत जाताच आदिलने घसा साफ केला. थोरला मुलगा, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत सेफ्टी ऑफिसर. घरातसुद्धा तो आधी बाहेर पडायची वाट कुठे आहे ते बघून मगच बसतो, असं बहीण त्याला चिडवायची.

"तब्येत छान झालीये, अलहमदुलिल्लाह. म्हणूनच म्हणतो, हीच वेळ आहे. असरच्या नमाजीनंतर मंदूबचा फोन येणार. हो म्हटलं की तो सरकारी ऑफिसात काशिफचे कागद टाकतो, अकामा कॅन्सल, इथे राहायचा परवानाच संपला. पुढच्या आठवड्यात मुंबई, तिथून बाणकोट. चाचांशी बोललोय मी."

"काशिफशी बोललास?" माहीनने विचारलं.

"शाबूची नशा सुरू करताना त्याने आपल्याला विचारलं होतं का?"

"भाई, प्लीज."

"प्लीज काय? इथे एक मेसेज टाकला की दारात पुडी येते. परत घेतली आणि पकडला गेला, तर जेल आणि मग डिपोर्ट. तेव्हा मंदूब नाही, ज्याच्या नावावर व्हिसा आहे तो कफील नाही, कुणीच काही करू शकणार नाही. मी रोज अपघात होण्याआधी थांबवायचं काम करतो. हेही तेच आहे."

"आणि बाणकोटला तो काय करेल? खाडीकडे बघत बसेल? इथे त्याचा डॉक्टर आहे, हे घर आहे. चाळीस दिवस टिकलाय तो, आणि तू त्याला उचलून दुसरीकडे ठेवणार?"

आदिल बापाकडे वळला. "अब्बा, तुम्ही सांगा."

अब्बास परकार गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. अम्गऱ्यात त्याचं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप. तीस वर्षं धातू कापून त्याच्या बोटांची टोकं चपटी झाली होती. घरातून निघताना तो आदिलच्या बाजूने होता. गाडीत गप्प होता. आता म्हणाला, "आधी एवढं कळू दे, ते गेलं की नाही. गेलं असेल तर कुठेही राहू दे."

'ते' म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. खैरुन्निसाने पदर डोक्यावर ओढला. मे महिन्यातली ती दुपार चौघांच्याही मनात एकदमच आली असणार. अब्बासने कुणाच्या तरी सांगण्यावरून झाडफूक करणारा एक आमिल वर्कशॉपवर आणला होता. पोरावर जिन आहे, तळपायातून निघेल, असं तो म्हणाला. शटर ओढलं गेलं. आमिल रबरी पाइपाने काशिफच्या तळपायांवर मारत राहिला आणि अब्बासने मुलाचे दोन्ही पाय घट्ट धरून ठेवले. खैरुन्निसा त्या वेळी ऑफिसच्या खोलीत तसबीह ओढत बसली होती. तिला ऐकू येत होतं. ती उठली नाही. उठली ती माहीन. क्लिनिकमधून टॅक्सी करून आली, शटर वर केलं आणि भावाला बाहेर काढलं. त्यानंतर काशिफ नऊ दिवस कुणाला सापडला नाही, आणि सापडला तेव्हा माहीननेच त्याला इस्पितळात नेलं.

"अहो," खैरुन्निसा हळूच म्हणाली, "त्याने आपल्याला चहा दिला. तेवढं बघा ना आधी."

*

बू जासिम आला तेव्हा माहीनला जरा धक्काच बसला. फोनवरच्या आवाजावरून तिने उंच, भारदस्त माणूस मनात धरला होता. हा तर बुटका, एका पायाने लंगडणारा, साठीचा गृहस्थ. पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशाच्या खिशाला चष्मा अडकवलेला. त्याच्या मागोमाग काशिफ खजुरांची थाळी घेऊन आला आणि आईच्या शेजारी बसला. बापापासून सगळ्यात लांबची जागा तीच होती.

"तू अरबी बोलतेस ना? मग तूच माझी जीभ," बू जासिम माहीनला म्हणाला. दिवसभर क्लिनिकच्या काउंटरवर कुवेती बायकांना औषधं समजावून देणाऱ्या माहीनला हे अवघड नव्हतं. निदान तिला तसं वाटलं.

"सांग त्यांना, मी बरं करणारा नाही. डॉक्टर गोळी देतो, मी त्याच्यावर कुराण वाचतो, पोरगा सहन करतो. बरं करणारा वेगळा आहे. आणि हेही सांग, की तुमचा मुलगा इथे असताना दोनदा पळून जायला निघाला."

माहीन अडखळली. मग तिने सांगितलं.

"बघ," आदिल पुटपुटला.

"आमचं दार उघडंच असतं," बू जासिम पुढे बोलत राहिला. "पहिल्यांदा तो चपला घालून रस्त्यापर्यंत गेला आणि परत आला. दुसऱ्यांदा समुद्राच्या कठड्यापर्यंत गेला. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. मी या काचेतून बघत होतो. तीन तास उभा होता. अंग असं थरथरत होतं की मला इथून दिसत होतं. मग तो वळला, आत आला, हातपाय धुऊन वजू केलं आणि माझ्यासमोर बसून म्हणाला, वाचा. मी त्याला काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, बेटा, मी तुझ्या जागी होतो तेव्हा मला त्या कठड्यावरून परत यायला अकरा वर्षं लागली."

माहीनने शब्द न् शब्द सांगितला. भावाला ती दर गुरुवारी गोळ्या आणून देत होती. दारातच, दोन मिनिटं; बू जासिमने फोनवर तेवढीच सूट दिली होती. तो म्हणायचा, "ऑल गुड, आपा." त्या तीन तासांबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खजुराची बी बोटांत फिरवत होता.

अब्बास पुढे झुकला. "विचार त्यांना, जिन गेला का?"

"अब्बा..."

"विचार."

तिने विचारलं, पण थोडं वळवून. आता तो पूर्ण बरा आहे का, असं. बू जासिमने चष्मा लावला आणि तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या वडिलांच्या तोंडून मी 'जिन' ऐकलं. तुझ्या तोंडून ते आलं नाही. मुली, जीभ व्हायचं तर गाळायचं नाही."

माहीनचे कान तापले. तिने प्रश्न नीट विचारला.

बू जासिम थेट अब्बासकडे बघत हळूहळू बोलला, आणि माहीनला तेच तितक्याच हळू मराठीत आणावं लागलं, बापाच्या डोळ्यांत बघून. आयुष्यात तिने बापाला असं काही सांगितलं नव्हतं.

"ते म्हणतात, जिन आहेत, त्यावर माझा ईमान आहे. पण अब्बास, तुमच्या मुलावर मी चाळीस दिवस वाचलं आणि मला आत एक माणूसच सापडला. तुमच्या वर्कशॉपमध्ये दोन-दोन शिफ्टा करायला जागं राहता यावं म्हणून त्याने पहिल्यांदा शाबू ओढलं. मग झोप गेली, मग भूक गेली, मग तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. मी जे वाचतो ते त्या लाजेवर. अल्लाच्या दारात त्याला अजून जागा आहे, एवढंच त्याच्या कानात घालायचं. पण... पण त्याच्या तळपायांवरचे वण मी बघितलेत. ते जिनाचे नाहीत."

 खैरुन्निसाच्या तोंडून अगदी बारीक हुंदका निघाला आणि तिने काशिफचं मनगट धरलं.

"मी ऐकत होते," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. "शेजारच्या खोलीत बसून मी ऐकत होते, रे."

"अम्मी, राहू दे," काशिफ म्हणाला.

*

आदिलला अशा बैठका नकोशा वाटत. त्याला आकडे कळत, तारखा कळत. मंदूबचा फोन यायला अजून तासभर होता, आणि इथे सगळे रडायच्या बेतात. पण उठता येईना.

बू जासिम सांगत होता, की आज तो स्वतः वाचणार नाही. रुक्या म्हणजे आजाऱ्यावर हात ठेवून कुराण वाचायचं, त्याला कसली सनद लागत नाही. जो जवळचा आहे, त्याने वाचावं हे जास्त बरं. इथून गेल्यावर पोराला दस्मानला धावत यायला लागू नये, त्याच्या घरातच हात असावा. "म्हणून आज बापाने वाचावं. फातिहा, सात वेळा. डोक्यावर हात ठेवून."

अब्बास लगेच उठला. जणू काही काम मिळाल्याने सुटल्यासारखं झालं. बैठकीच्या मधोमध येऊन त्याने गुडघे टेकले. काशिफही आईच्या हातातून मनगट सोडवून पुढे आला आणि समोर बसला. दोघांमध्ये हातभर अंतर. अब्बासने बिस्मिल्ला म्हणून उजवा हात वर केला.

काशिफचं डोकं झटक्यात मागे गेलं. दोन्ही हात तोंडासमोर आले, पाय पोटाशी ओढले गेले. क्षणभरच. लगेच त्याने हात खाली घेतले, "सॉरी, सॉरी अब्बा," म्हणत परत सरळ बसला. पण सगळ्यांनी पाहिलं होतं.

अब्बासचा हात वरच राहिला. चपट्या बोटांचा तो हात आदिलने खिडकीच्या चौकटी एका दणक्यात बसवताना पाहिला होता. त्या हाताचा मार त्यानेही लहानपणी खाल्ला होता, आणि आपण ते विसरलो असं तो समजत होता. आत्ता कळलं, की काशिफ मागे हटला तेव्हा आपली स्वतःची मानही खांद्यांत गेली होती.

हात हळूहळू खाली आला. अब्बास त्या हाताकडे असा बघत राहिला, जसा तो दुसऱ्या कुणाचा असावा. मग तो बोलला. 

"माझा बाप या मुलखात आला तेव्हा इथे जहाजातून उतरला. कडक माणूस. मेला तोवर त्याने एकदाही माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. उगारला तेवढा. मी म्हणालो होतो, मी असा होणार नाही." तो थांबला. "माहीन, शेखना सांग. मी नाही वाचत. बाधा याला नव्हती. माझ्यावर वाचा."

माहीनने सांगितलं. तिने काही गाळलं नाही.

 बू जासिमने अब्बासकडे पाहिलं, मग काशिफकडे. म्हातारा माणूस चेहऱ्यावर एखादी गोष्ट लपवत नाही तसं त्याचं आश्चर्य उघडं होतं. त्याने नुसते तळवे वर केले: मी काय सांगू?

काशिफ बराच वेळ बापाच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत होता. टोपीखालून पांढरे केस मानेवर आले होते. मग तो गुडघ्यांवर पुढे सरकला, त्याने उजवा हात उचलला आणि बापाच्या डोक्यावर ठेवला.

"काशिफ..." आदिल म्हणाला.

काशिफने वाचायला सुरुवात केली. आवाज पहिल्यांदा अगदी लहान होता. मदरशाच्या पोरासारखा सपाट. दुसऱ्या वेळी तो थोडा उघडला. तिसऱ्या वेळी आदिलला वाटलं, खोलीतली हवा बदलली. त्याला अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. तो रोज गॅसचे मीटर वाचणारा माणूस. तरी त्याने ते अनुभवलं. ज्या सूरतीवर पाच वेळा नमाजीत जीभ सवयीने पळते, तीच सूरत जणू पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने म्हणत होतं. चौथ्या वेळी अब्बासचे खांदे हलायला लागले. पाचव्या वेळी तो रडत होता, आवाज करून, तोंड उघडून, लाज सोडून. अठ्ठावन्न वर्षांच्या बापाला आदिलने असं कधी पाहिलं नव्हतं. आजोबा वारले तेव्हासुद्धा नाही. काशिफचा हात डोक्यावर स्थिर होता. तो जरासुद्धा कापत नव्हता.

आतल्या दारात घरातली बाकीची माणसं येऊन उभी राहिली होती. एक इजिप्शियन, एक बंगाली, दोन कुवेती तरुण. कुणी आत आलं नाही. ती सगळी तिथेच, चौकटीत, मान खाली घालून उभी.

सातव्या वेळी 'आमीन' सगळ्यांच्याच तोंडून आलं. आदिलच्याही. काशिफने वाकून बापाच्या कपाळावर फुंकर घातली, जशी लहान मुलाच्या लागलेल्या जागेवर घालतात.

"सुबहानल्लाह," बू जासिम पुटपुटला. त्याने चष्मा काढून पुसला. माहीनला म्हणाला, "वीस वर्षं मी हे काम करतो. माणसं बापापुढे बसताना पाहिली. मुलापुढे बाप बसलेला पहिल्यांदा पाहिला. हे मी शिकवलेलं नाही, एवढं त्यांना सांग."

खैरुन्निसा उठून आली आणि तिथेच, दोघांच्या मध्ये बसली. एक हात नवऱ्याच्या पाठीवर, एक लेकाच्या. "मलापण," ती म्हणाली. "माझ्यावरपण वाच, बाळा. मी उठले नव्हते."

काशिफ हसला. रडता रडता हसला. "अम्मी, लाइन लावा आता."

त्या हसण्याने माहीन आधी हसली आणि मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रडली.

फोन वाजला तेव्हा आदिल दचकला. मंदूब. तो काचेपाशी गेला. पलीकडचा आवाज घाईत होता: काय करायचं, कागद टाकू का? आदिलने मागे वळून पाहिलं. "काशिफ. मंदूब विचारतोय. तुला जायचंय का बाणकोटला?"

चाळीस-पन्नास दिवसांत हा प्रश्न त्याने मुळात विचारलाच नव्हता, हे त्याला विचारताना कळलं.

"आत्ता नाही, भाई," काशिफ म्हणाला. "इथे अजून दोन महिने थांबू दे. मग डॉक्टर काय म्हणतो ते बघू. पण वर्कशॉपमध्ये परत रात्रपाळी नाही."

"रात्रपाळी बंद," अब्बास म्हणाला. "कुणाचीच नाही."

आदिलने फोन कानाला लावला आणि अकामा राहू द्या म्हणून सांगितलं. त्याला भीती वाटत होती. मघाइतकीच. पण आता ती भीती त्याला एकट्याने उचलायची नव्हती.

*

निघताना बू जासिमने अब्बासला दारात थांबवलं आणि माहीनला बोलावलं. "यांना सांग, आज जे झालं त्याच्यावर इमारत बांधू नका. पोरगा पुन्हा घसरू शकतो. गोळी चुकवायची नाही, डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. मी अकरा वर्षांत चारदा घसरलो. प्रत्येक वेळी मला वाटलं, आता अल्लाने दार लावलं. लावलं नव्हतं. घरच्यांनी लावलं होतं."

अब्बासने मान हलवली. त्याला अरबी येत नव्हती असं नाही. बाजारापुरती, मालापुरती येत होती. त्याने बू जासिमचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "बाब मफ्तूह." दार उघडं. व्याकरण बरोबर की चूक, कोण जाणे. म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर ओठ टेकवले.

बाहेर ऊन कललं होतं. आदिल गाडी आणायला गेला, मायलेकी सावलीला थांबल्या. काशिफ बापाला रस्त्यापलीकडे समुद्र दाखवायला घेऊन गेला. दोघं चालत होते. मध्ये अजून हातभर अंतर होतंच. ते एका दुपारीत जाणारं नव्हतं, हे अब्बासला कळत होतं. त्याला घाई नव्हती. पोराच्या हाताचं वजन अजून टाळूवर जाणवत होतं, आणि टोपी सारखी करायलाही त्याचा हात वर जात नव्हता.

"अब्बा, एक सांगू?"

"सांग."

"मला अजून हवंसं वाटतं. आत्ता. वाचत असतानासुद्धा वाटत होतं."

अब्बास थांबला.  पूर्वीचा अब्बास या वाक्यावर ओरडला असता, कुणाला तरी बोलावलं असतं, शटर ओढलं असतं. पोराने हे त्याला सांगितलं होतं. बहिणीला नाही, डॉक्टरला नाही, त्याला. ज्याने नुसता हात उचलताच तो मागे हटला होता, त्या माणसाला. समोर समुद्र पांढरा चमकत होता आणि अब्बासला वाटलं, आयुष्यभरात कुणी आपल्या हातात इतकं मोठं काही ठेवलं नव्हतं.

"मी काय करू?" त्याने विचारलं. खरोखरच त्याला माहीत नव्हतं.

"काही नाही. ते येतं आणि थोड्या वेळाने जातं. तेवढा वेळ चालायचं असतं."

"किती वेळ?"

"कधी दहा मिनिटं. कधी जास्त."

अब्बासने आदिलच्या गाडीकडे हात करून थांबायची खूण केली. "चल," तो म्हणाला.